ज्यानं केलं त्याची सही

सिस्टर कोणालाही भेटल्या की आधी त्याचे मनगट धरत. नमस्कार नंतर. तीन बोटे नाडीवर आणि नजर स्वतःच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. हे पूर्ण एक मिनिट चाले, आणि त्या मिनिटात कोणी बोललेले त्यांना खपत नसे. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या मंडळाच्या वंदनेला त्यांची-माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी मध्येच विचारले, "तीस सेकंद मोजून दुप्पट केलं तर नाही का चालत?" त्यांनी मिनिट संपेपर्यंत उत्तर दिले नाही. मग हात सोडून म्हणाल्या, "चालतं नं. पण मग अर्धे ठोके तू मोजलेले नसतात, तुझ्या मनाचे असतात. ब्याऐंशी. जय भीम."

विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली होती. मुलगा इथे तेल कंपनीत इंजिनीअर. त्याच्याकडे त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मंडळातल्या बाकीच्या ज्येष्ठ बायका काकू किंवा मावशी होत्या. या मात्र सगळ्यांच्या सिस्टर. शाळेत जाणारी नातसुद्धा त्यांना 'सिस्टर आजी' म्हणे. त्यांचे नाव विचारण्याची वेळ कोणावर आली नाही.

मी नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षे उपसंपादक होतो. बायकोला ह्यूस्टनमध्ये नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मी आलो. मराठी बातम्यांची भाषा सुधारणाऱ्या माणसाला इथे काम नव्हते. पुढे काम करण्याची परवानगी मिळाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्या वेळी एका अभ्यासक्रमाची माहिती कळली: पदवी दुसऱ्या कोणत्याही विषयाची असली तरी थेट नर्सिंगमध्ये मास्टर्स करता येते, शेवटी रजिस्टर्ड नर्सची परीक्षा देता येते. त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे विषय कम्युनिटी कॉलेजात चांगल्या मार्कांनी पास व्हायचे, मग अर्ज, निबंध आणि मुलाखत. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ. पहिल्या वर्षी मला नकार आला. पुढच्या वर्षीही आला असता तर आधी पास केलेल्या विषयांची मुदत संपून ते पुन्हा करावे लागले असते. म्हणजे माझ्या हिशेबाने ही शेवटची संधी होती.

हे सगळे फक्त बायकोला माहीत होते. मंडळात मी कोणाला सांगितले नव्हते.

सिस्टरना मात्र कळले, कारण मी त्यांचा ड्रायव्हर होतो. मुलगा-सून दोघे नोकरीवर, आणि शुगर लँडमध्ये गाडीशिवाय दुधाची पिशवीही आणता येत नाही. दिवसा मोकळा असलेला ओळखीचा माणूस मीच. आठवड्यातून दोनदा मी त्यांना भारतीय दुकानात, लायब्ररीत किंवा नुसते एसीत फिरता येते म्हणून मॉलमध्ये नेत असे. गाडीत पुढच्या खाचेत माझी पाठांतराची कार्डे पडलेली असत. त्यांनी एक उचलले. हाताच्या हाडांचे चित्र होते.

"हे काय करून राहिला तू?"

मी सांगितले. त्या हसतील असे वाटले होते. त्यांनी कार्ड पुसून जागेवर ठेवले.

"म्हणजे ब्रदर होणार तू. आमच्याकडे दोन ब्रदर होते. एक इंजेक्शनला घाबरायचा. दुसरा लई चांगला."

"मी कोणता होईन?"

"ते पहिल्या उलटीला कळतं, संपादक."

संपादक हे त्यांनी मला दिलेले नाव. मी उपसंपादक होतो, हे मी दोनदा सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "मीही चौतीस वर्षं कोणाची बहीण नव्हते."

निघताना त्या 'ओव्हर' देत. ड्युटी संपणारी नर्स पुढच्या नर्सला वॉर्डाचा ताबा देते, कोणाला काय दिले, काय द्यायचे राहिले ते एकेका खाटेजवळ उभे राहून सांगते, त्याला ओव्हर देणे म्हणतात. सिस्टर घरातून बाहेर पडतानाही सुनेला ओव्हर देत: "गॅस बंद. पोरीला दहाला ताप शंभर होता, औषध दिलं. वरण झाकलं, मीठ घालायचं राहिलं." मीठ राहिले असेल तर तसे सांगायला त्यांना कमीपणा वाटत नसे. राहिलेले सांगण्यासाठीच ओव्हर असते, असे त्या म्हणत. आणि वॉर्डात ओव्हर झाले की वहीत सही. सहीबद्दलचा त्यांचा नियम चार शब्दांचा होता: ज्यानं केलं त्याची सही. डॉक्टरने सांगितले, इन्चार्जने पाहिले, पण सलाइन ज्या पोरीने लावले तिचेच नाव. या नियमापायी त्यांची दोनदा बदली झाली होती, असे त्यांचा मुलगा सांगत असे.

डिसेंबरात मंडळाचे जेवण होते. ताट हातात घेऊन एका काकांनी मला विचारले, "मग, सध्या काय चाललंय?"

"हेल्थकेअर मॅनेजमेंटचं बघतोय, मास्टर्स."

"अरे वा! स्कोप आहे त्यात."

सिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीवर भाकरी मोडत होत्या. परतताना गाडीत सीटबेल्ट लावून झाल्यावर म्हणाल्या, "मॅनेजमेंट म्हणजे कोणता वॉर्ड रे?"

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. पण हे लोकांपासून लपवण्याआधी मी त्याहून मोठी गोष्ट करून बसलो होतो. ती त्यांना माहीत नव्हती.

अर्जातला निबंध नोव्हेंबरच्या अखेरीला द्यायचा होता. विषय: तुम्ही एखाद्या माणसाची काळजी घेतली तो प्रसंग, आणि त्यातून काय शिकलात. माझ्याकडे प्रसंग नव्हता. एका वृद्धनिवासात मी साठ तास स्वयंसेवक म्हणून काम केले होते. टॉवेलांच्या घड्या घातल्या, पाण्याचे जग भरले, एका आजोबांना बेसबॉलचे निकाल वाचून दाखवले. पहिल्या वर्षीच्या निबंधात मी हेच लिहिले होते, आणि नकार आला होता.

त्याच सुमारास दुकानाकडे जाताना सिस्टरनी एक हकीकत सांगितली. त्या तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयात होत्या. सकाळी नऊला एका टेंपोवाल्याने वीटभट्टीवरची एक तरुण बाई आणून टाकली. मण्यार चावली होती. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू थांबतात. इंजेक्शने दिली, पण श्वास मंदावत गेला. व्हेंटिलेटर नव्हता. होती एक रबरी अँबू बॅग: ती हाताने दाबायची, तेवढाच श्वास रोग्याच्या छातीत जातो. डॉक्टर एक, सिस्टर एक, बाकीचे चौदा रोगी. सिस्टरनी टेंपोवाल्याला स्टुलावर बसवले आणि बॅग त्याच्या हातात दिली. "मी त्याला म्हटलं, तू श्वास घेतला की दाब. तुझा श्वास थांबला तर तिचा थांबला. टेंपो बाहेर चालू ठेवून आला होता तो. मीच कोणाला तरी बंद करायला धाडलं." मोठ्या रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स दोन वाजता आली. तोवर पाच तास तो माणूस उठला नाही.

इथे दुकान आले. सिस्टर उतरल्या, कोथिंबीर पाहू लागल्या. मी पुढे काही विचारले नाही.

त्या दुपारी मी निबंध लिहिला. त्यात स्टुलावर मी होतो. एका बातमीसाठी ग्रामीण रुग्णालयात गेलेला तरुण पत्रकार; 'ड्युटीवरच्या नर्सने' माझ्या हातात बॅग दिली; पाच तास; माझ्या श्वासाबरोबर तिचा श्वास. शेवटी ती बाई वाचली, असे लिहिले. प्रत्यक्षात अकरा वर्षांत मी बातमीसाठी कोणत्याही रुग्णालयात गेलो नव्हतो. मी डेस्कवर होतो. तालुक्याचे वार्ताहर मजकूर पाठवत, आम्ही तो नव्याने लिहीत असू. चांगला असेल तर रविवारच्या पुरवणीत घेत असू, आणि खाली नाव लिहिणाऱ्याचे, म्हणजे आमचे, जात असे. वार्ताहर तक्रार करत नसत. ही सबब म्हणून सांगत नाही. निबंध लिहिताना मला काही वेगळे करतो आहे असे वाटलेच नाही, एवढीच नोंद.

जानेवारीत मुलाखत झाली. समोर तिघे होते. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी स्वतः अतिदक्षता विभागात काम केलेले होते. त्यांनी विचारले, "हात दुखायला लागले तेव्हा काय केलंत?" कागदावर खोटे लिहिणे आणि माणसाच्या तोंडाकडे पाहून ते बोलणे यात अंतर असते. मी ते अंतर तीन-चार सेकंदांत कापले. म्हणालो, "हात बदलले. श्वास नाही बदलला." त्यांनी चष्मा काढून पुसला.

मार्चमध्ये प्रवेशाचे पत्र आले. बायको रडली. निबंध तिने वाचला होता आणि तो खरा मानला होता. "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?" असे तिने विचारले होते, तेव्हा मी म्हणालो होतो, "विषय निघाला नाही."

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये झाला. जेवणाआधी बायकोने माइक हातात घेतला. तिला माझी लाज वाटत नव्हती. लाज मलाच वाटत होती. माझ्या प्रवेशाची बातमी तिने सगळ्यांना सांगितली, नर्सिंग हा शब्द स्पष्ट उच्चारून. मग म्हणाली, "आणि हा माणूस सांगत नाही, म्हणून मी सांगते. पेपरात असताना यानं साप चावलेल्या एका बाईला पाच तास हातानं श्वास दिलाय. पाच तास! ती बाई वाचली."

टाळ्या पडल्या. डिसेंबरातल्या त्या काकांनी पाठीवर थाप मारली. "छुपा रुस्तम निघालास यार!"

सिस्टर दुसऱ्या रांगेत होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून विचारले, "नाव काय होतं रे तिचं?"

हॉलमध्ये सत्तरेक माणसे होती. ज्या बातमीत माणसाचे नाव नाही ती मी अकरा वर्षे परत पाठवत आलो होतो. "नाव कुठाय?" असे लाल शाईने लिहून. मी म्हणालो, "आठवत नाही."

सिस्टरना पुढे बोलता आले असते. "असू दे," त्या म्हणाल्या. "गडबडीत राहून जातं. चला, पोरांना भूक लागली."

त्यांनी मला सोडवले. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागले ते हेच.

मुलाला हॉल आवरायला थांबायचे होते, म्हणून त्यांना घरी मी सोडले. बायको दुसऱ्या गाडीने पुढे गेली. दारासमोर गाडी थांबवल्यावर सिस्टरनी माझे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहिले. इंजिन बंद, एसी बंद, बाहेर एप्रिलमध्येच दमट उकाडा. मिनिट संपले.

"एकशे बारा. नाडीला रिराइट करता येत नाही, संपादक."

"सिस्टर, मी..."

"थांब. आधी ओव्हर घे." त्या खाटेजवळ उभ्या राहून बोलतात तशा बोलू लागल्या. "पेशंट मंदा. वय बावीस. वीटभट्टीची. दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये घातली. टेंपोवाला रफीक, बॅग घेऊन तोच मागं चढला. पोचायच्या आधी गेली ती. वाटेत."

त्या माझ्याकडे वळल्या.

"तू वाचवलंस तिला. आम्हाला नाही जमलं."

त्या टोमण्याच्या सुरात बोलल्या नव्हत्या. औषधाचे नाव सांगावे तसे सांगितले. मग पुढे म्हणाल्या, "संध्याकाळी रफीक परत आला. एस. टी.नं. बॅग आणून दिली. धुतलेली, रुमालात बांधलेली. म्हणे, सिस्टर, तुमच्याकडं एकच आहे नं, उद्या कोणाला लागेल. मी वहीत लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली. म्हणे, कशाला. मी म्हटलं, ज्यानं केलं त्याची सही."

"मी युनिव्हर्सिटीला कळवतो," मी म्हणालो.

"कळव. मी कोणाला सांगणार नाही. मी सांगितलं तर ती माझी सही होईल." दार उघडून एक पाय बाहेर टाकल्यावर त्या थांबल्या. "आपल्या माणसांचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं मला नवीन नाही. पण ते लोक परके असत."

दहा दिवसांनी त्या भारतात परत गेल्या. विमानतळावर निरोप द्यायला मी गेलो होतो. त्यांनी सुनेची, नातीची, बायकोची, सगळ्यांची नाडी पाहिली. माझ्याकडे आल्यावर माझा हात फक्त हातात घेतला आणि सोडला. घड्याळाकडे पाहिले नाही.

मी कळवले नाही. ई-मेलचे तीन मसुदे लिहिले, तिन्ही चांगले जमले होते. भाषेची एकही चूक नव्हती. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. सिस्टर अधूनमधून फोन करत. शिकवतात काय, जेवतो काय, पहिली उलटी झाली का, हे विचारत. ती झाली होती, आणि मी ती पुसली होती. "म्हणजे दुसरा ब्रदर," त्या म्हणाल्या. युनिव्हर्सिटीला कळवले का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. प्रत्येक फोनच्या शेवटी त्या क्षणभर थांबत. ती जागा मी काही राहिले असेल तर सांगावे म्हणून होती. मी 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवत असे.

डिसेंबरात सिस्टर गेल्या. झोपेत, हृदयाच्या झटक्याने. मुलगा मिळेल त्या विमानाने गेला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला, खाली लिहिले होते: आपल्या सर्वांच्या लाडक्या सिस्टर.

फेब्रुवारीत आमचा श्वासाचा प्रयोगवर्ग होता. टेबलावर रबरी पुतळा, शेजारी अँबू बॅग. आता ती रबरी नसते, पारदर्शक असते. शिकवायला पांढऱ्या केसांच्या त्याच प्राध्यापिका होत्या. बारा विद्यार्थी, बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी माझ्याकडे पाहून हसून सांगितले, "आधी हे दाखवतील. वर्गात खऱ्या माणसावर हे केलेले हे एकटेच आहेत."

मी पुढे झालो. बॅग हातात घेतली. ती वजनाने इतकी हलकी असेल असे मला वाटले नव्हते; निबंधात मी ती जड लिहिली होती. मास्क पुतळ्याच्या तोंडावर धरला. दुसरा हात दाबायला उचलला, आणि कोणत्या हाताने काय करायचे हे मला माहीत नाही असे लक्षात आले. पाच तास केलेल्या माणसाला ते माहीत असते.

"मी हे केलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांना वाटले मी नम्रपणा करतो आहे. "वेळ घ्या," त्या म्हणाल्या.

"नाही. कधीच केलेलं नाही. निबंधातला माणूस मी नव्हतो."

प्राध्यापिकांनी माझ्या हातातून बॅग ओढून न घेता, नीट घेतली आणि शेजारच्या मुलीच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "वर्ग संपल्यावर थांबा." मग त्या मुलीला मास्क कसा धरायचा ते दाखवू लागल्या. मीही पाहिले. पाहण्याची मनाई नव्हती.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "मी माइकवर बोलले होते रे." एवढेच.

विद्यापीठाने समिती नेमली आहे. माझ्याकडून लेखी निवेदन मागवले. निर्णय यायचा आहे. निवेदन एक पानाचे आहे. घडले ते घडल्या क्रमाने. मंदाचे नाव, रफीकचे नाव, ती वाचली नाही हे. तिसऱ्या नावापाशी येऊन मी अडलो, आणि सिस्टरच्या मुलाला फोन लावला. तो जानेवारीत सगळे आटोपून परतला होता.

"युनिव्हर्सिटीच्या कागदात लिहायला एक विचारायचं होतं. आईंचं नाव काय?"

"तू तिला सहा महिने गाडीतून फिरवलंस, यार."

"हो."

"आणि पेपरात होतास."

"हो."

"पंचफुला," तो म्हणाला. मग माझे निवेदन इंग्रजीत आहे हे ओळखून, मी मागितले नसताना, एकेक अक्षर सांगू लागला. मी लिहून घेतले. बरोबर आहे ना म्हणून त्याला परत वाचून दाखवले. मग खाली माझी सही केली.